तुमच्या मालाचं नाव दुसऱ्यानं वापरलं तर? ट्रेडमार्कचा कायदा काय सांगतो, नोंदणी कशी करायची, तक्रार कुठं करायची

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा घरी आल्या. हातात काळ्या मसाल्याची दोन पाकिटं. म्हणाल्या, "भाऊ, यातलं आपलं कोणतं ते ओळखा." दोन्ही पाकिटं लाल, दोन्हीवर पाटा-वरवंट्याचं चित्र, नावात फक्त एका अक्षराचा फरक. चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं की एक पाकीट गटाचं नव्हतंच. शेजारच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात ते वीस रुपये कमी दरानं विकलं जात होतं. मसाला खराब निघाला की गिऱ्हाईक फोन मात्र गटाच्या बायांना करत होतं.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "नावाची नोंदणी आहे का?" ताईंनी फूड लायसन्सचा कागद पुढं केला. ते म्हणाले, "हे अन्नाचं झालं. नावाचं कुठंय?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर चूक माझी होती. चार वर्षांपूर्वी "फूडचा नंबर आला म्हणजे नाव आपलंच" असं मीच त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यानंतर वकिलांना भेटलो, कायदा वाचला, कागद जमवले. त्यातून जे कळलं ते इथं देतोय. गूळ, हळद, मसाला, पापड, तूप, रोपवाटिका, हॉटेल, काहीही नावानं विकत असाल तर हे वाचून ठेवा.

ट्रेडमार्क म्हणजे काय?

आपला माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू यावा यासाठी लावलेली खूण म्हणजे ट्रेडमार्क. मराठीत व्यापारचिन्ह. ते नाव असू शकतं, चित्र असू शकतं, अक्षरं, आकडे, रंगांची मांडणी किंवा पाकिटाचा आकारही असू शकतो. बैलाच्या पाठीवर जसा डाग देतात, तसाच हा मालावरचा डाग. कुणाचा माल हे लांबून कळलं पाहिजे.

आपल्या देशात यासाठी व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ हा कायदा आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे आणि महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या राज्यांचे अर्ज तिथंच जातात.

कोणत्या कागदानं नाव सुरक्षित होत नाही?

इथंच बहुतेकांची गफलत होते, म्हणून स्पष्ट लिहितो.

- फूड लायसन्स किंवा फूड नोंदणी: ही अन्न विकायची परवानगी. नावाचा हक्क नाही.
- जीएसटी नंबर: कराचा विषय. नावाशी संबंध नाही.
- उद्यम नोंदणी: उद्योग लहान आहे याचा दाखला. ट्रेडमार्कची फी कमी करायला उपयोगी पडतो, पण नाव वाचवत नाही.
- ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, शॉप अॅक्ट: धंदा सुरू करायचे कागद.
- कंपनीची नोंदणी: कंपनीच्या नावाची नोंद झाली म्हणजे पाकिटावरचं नाव ट्रेडमार्क झालं असं नाही.

हे सगळे कागद "हे नाव आम्ही अमुक तारखेपासून वापरतोय" याचा पुरावा म्हणून मात्र कामाला येतात. त्यामुळं जपून ठेवा.

कोणतं नाव चालतं, कोणतं नाही?

मालाचं वर्णन करणारं नाव सहसा मिळत नाही. "शुद्ध गावरान तूप" हे नाव एकट्याला कसं देणार? उद्या दुसऱ्यानं तुपाला तूप म्हणायचं नाही का? "ताजा", "उत्तम", "ऑरगॅनिक" असल्या शब्दांचंही तेच. गावाचं किंवा जिल्ह्याचं नुसतं नावही अवघड.

देवाधर्माच्या नावाचंही नीट समजून घ्या. अगरबत्तीसाठी "रामायण" हे नाव एकाला मागायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं की धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाचा मालकी हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडं तर अर्धा बाजार देवांच्या नावावर चालतो. असं नाव ठेवलं तर ते दुसऱ्यापासून राखणं कठीण जातं, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक महत्त्वाचं. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्याचं चिन्ह म्हणून वापरायला बोधचिन्हं आणि नावांच्या १९५० च्या कायद्यानं मनाई आहे. महात्मा गांधींचंही तसंच. भावना कितीही चांगली असली तरी असा अर्ज अडकतो.

मग कसलं नाव ठेवायचं? मालाशी थेट संबंध नसलेलं किंवा स्वतः घडवलेलं. जेवढं वेगळं नाव, तेवढं संरक्षण पक्कं.

नोंदणी कशी करायची?

१. आधी शोध घ्या. आयपी इंडियाच्या सरकारी वेबसाइटवर नाव मोफत शोधता येतं. मोबाइलवरही होतं. नुसतं तेच स्पेलिंग बघू नका, उच्चारानं सारखी वाटणारी नावंही बघा.

२. वर्ग ठरवा. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. आपल्या कामाचे काही असे:
- वर्ग १: खतं
- वर्ग ५: कीटकनाशकं, तणनाशकं
- वर्ग २९: दूध, तूप, खाद्यतेल
- वर्ग ३०: मसाले, पीठ, गूळ, मध, पापड, चहा
- वर्ग ३१: ताजी फळं, भाजीपाला, बियाणं, रोपं
- वर्ग ४३: हॉटेल, खानावळ

लोणच्यासारख्या पदार्थाचा वर्ग अर्जाआधी वेबसाइटवरच्या यादीत नीट तपासा. वर्ग चुकला तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

३. अर्ज भरा. फॉर्मचं नाव टीएम-ए. २०१७ च्या नियमांप्रमाणे एका नावाला, एका वर्गासाठी सरकारी फी अशी:
- व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योग: ऑनलाइन ४,५०० रुपये, कागदी अर्ज ५,००० रुपये
- बाकी सगळे: ऑनलाइन ९,००० रुपये, कागदी अर्ज १०,००० रुपये

ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते. वकिलाची किंवा एजंटची फी वेगळी. कुणी "सरकारी फीच वीस हजार आहे" म्हणालं तर पावती मागा.

४. आधीपासून नाव वापरत असाल तर तसं अर्जात लिहा. त्यासाठी शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात. जुनी बिलं, पाकीट छापल्याची पावती, प्रदर्शनातले फोटो, पेपरमधली बातमी, जे असेल ते.

५. तपासणी अहवाल. कार्यालयाचा आक्षेप आला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बरेच अर्ज इथंच मरतात, कारण ईमेल कुणी बघतच नाही. अर्जात आपला चालू ईमेल द्या आणि आठवड्यातून एकदा तरी उघडा.

६. जर्नलमध्ये प्रसिद्धी. आक्षेप मिटला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये येतं. त्यानंतर ४ महिन्यांत कुणीही विरोध नोंदवू शकतं. विरोधाची नोटीस आली तर २ महिन्यांत उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात.

७. प्रमाणपत्र. विरोध नसेल तर प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते. पुढं दर १० वर्षांनी नूतनीकरण. मात्र नाव घेऊन नुसतं कपाटात ठेवलं, सलग ५ वर्षांहून जास्त वापरलंच नाही, तर दुसरा ते काढून टाकायला अर्ज करू शकतो.

अर्ज केल्यापासून नावापुढं "टीएम" लिहिता येतं. गोलातला "आर" मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना आर छापणं कायद्याविरुद्ध आहे आणि त्याला दंड आहे. प्रिंटिंगवाला म्हणतो "सगळेच छापतात", त्याचं ऐकू नका.

नक्कल झाली हे कोर्ट कसं ठरवतं?

दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजायचे, असं कोर्ट करत नाही. साधं गिऱ्हाईक फसेल का, हे बघतं.

१९७२ सालचा पार्ले बिस्किटाचा खटला प्रसिद्ध आहे. पार्लेच्या ग्लुको बिस्किटाच्या कागदावर शेतातलं चित्र होतं. मधे मुलगी, भोवती गाई, कोंबड्या, मागं घर आणि झाडं. म्हैसूरच्या एका कंपनीनं आपल्या बिस्किटावर तसंच चित्र छापलं. मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा, बाकी गाई-कोंबड्या होत्याच. बारकाईनं बघितलं तर फरक बरेच होते. पण सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाजारात माणूस कागद जुळवून बघत नाही. एकदा बघितलेलं चित्र डोक्यात असतं, त्यावर तो माल उचलतो. निकाल पार्लेच्या बाजूनं लागला.

त्याआधी १९६२ साली "अमृतधारा" आणि "लक्ष्मणधारा" या औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयानं मान्य केलं की दोन नावं कानाला सारखी वाटतात, माणूस फसू शकतो. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशपुरती नोंदणी मिळाली. का? तर अमृतधारावाल्यांना दुसरं नाव चालू असल्याचं माहीत होतं आणि ते कितीतरी वर्षं गप्प बसले. धडा सरळ आहे. नक्कल दिसली की लगेच हरकत घ्या. आजच्या कायद्यातही तसं कलम आहे. दुसऱ्यानं नोंदलेलं नाव वापरात आहे हे माहीत असून सलग ५ वर्षं चालू दिलं, तर नंतर हरकत घेणं अवघड होतं.

उलटी बाजूही बघा. कर्नाटकच्या दूध महासंघाचं "नंदिनी" हे दुधाचं नाव, आणि बंगळुरूकडची "नंदिनी डिलक्स" नावाची हॉटेलं. महासंघानं हरकत घेतली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलवाल्यांना नोंदणी दिली, फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून. म्हणजे नाव सारखं असलं तरी माल वेगळा, चिन्हाची मांडणी वेगळी आणि लोक फसत नसतील, तर दोन्ही नावं नांदू शकतात.

नोंदणी नसेल तर सगळं संपलं का?

नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. नोंदणी नसलेल्या नावासाठी ट्रेडमार्क भंगाचा दावा लावता येत नाही. पण "आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं" याविरुद्ध दावा लावता येतो. वकील त्याला पासिंग ऑफ म्हणतात. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आपल्या नावाला बाजारात पत आहे, समोरचा लोकांना फसेल असं वागतोय, आणि त्यानं आपलं नुकसान होतंय किंवा होईल.

तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या "इरुट्टुकडै हलवा" या नावाच्या वादात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ असतो. त्यामुळं "त्यानं आधी नोंदवलं, आता आपलं गेलं" म्हणून हात टेकू नका. जुनी बिलं काढा.

फरक पुराव्याच्या ओझ्यात पडतो. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र पुढं केलं की हक्क दिसतो. नसेल तर एकेक कागद जमवून पत सिद्ध करायची. शिवाय नोंदणी असेल तर स्वतः राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पासिंग ऑफला ही सवलत नाही. समोरचा राहतो तिथं किंवा नकली माल विकला गेला तिथं जावं लागतं.

नकली माल दिसला तर काय करायचं?

१. भांडायला जाऊ नका, आधी माल विकत घ्या. दोन-तीन पाकिटं, शक्य असेल तर पक्क्या बिलासह. दुकानाचा, स्टॉलचा फोटो काढा. तारीख आणि ठिकाण वहीत लिहा.

२. गिऱ्हाइकांच्या तक्रारी जपा. "तुमचा मसाला खराब निघाला" असे मेसेज आले असतील तर पुसू नका. लोक फसतायत याचा तोच पुरावा.

३. वकिलामार्फत नोटीस द्या. वापर थांबवा, उरलेला माल आणि पाकिटं काढून घ्या, असं त्यात लिहितात. पण उगाच धमकीची नोटीस देऊ नका. हक्क नसताना दिली तर समोरचा आपल्यावरच दावा लावू शकतो.

४. दिवाणी दावा. हा तालुक्याच्या न्यायालयात चालत नाही. जिल्हा न्यायालय किंवा त्यावरच लावावा लागतो. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकतं, नुकसानभरपाई किंवा समोरच्यानं कमावलेला नफा मिळवून देऊ शकतं, नकली पाकिटं नष्ट करायला लावू शकतं. निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाईही मागता येते.

५. फौजदारी तक्रार. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि असा माल विकणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा सापडला तर किमान १ वर्ष आणि किमान १ लाख. फसवण्यासाठी नकली ठसे, ब्लॉक बाळगणाराही यात येतो. हा दखलपात्र गुन्हा आहे. मात्र विनावॉरंट झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायची असते, आणि त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. त्यामुळं ठाण्यातून "लगेच धाड टाकता येत नाही" असं उत्तर आलं तर प्रत्येक वेळी टाळाटाळच असते असं नाही.

दुकानदारांसाठी

स्वस्त मिळतंय म्हणून नकली माल ठेवू नका. "मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून सुटका होत नाही. योग्य काळजी घेतली होती आणि माल कुणाकडून घेतला, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून बिलाशिवाय माल उतरवू नका.

शेतकऱ्यांसाठी

नक्कल फक्त मसाल्याची होत नाही. नामांकित कंपनीसारखं दिसणारं बियाण्याचं पाकीट, औषधाची बाटली, हेही त्यातलंच. तिथं एक हंगाम जातो. पक्कं बिल घ्या, लॉट नंबर बघा, रिकामी पिशवी आणि थोडं बियाणं पीक निघेपर्यंत ठेवा. शंका आली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सांगता येतं.

भौगोलिक मानांकन वेगळं

कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे. ते एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. त्या भागातला शेतकरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ती खूण वापरू शकतो. पण ते नाव कुणी एकट्याच्या ट्रेडमार्कसाठी मागू शकत नाही. मानांकन आणि स्वतःचा ट्रेडमार्क, दोन्ही एका पाकिटावर असू शकतात.

वकिलाचे पैसे नसतील तर?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांना उत्पन्नाची अट आहे. हेल्पलाइन नंबर १५१००. बचत गटाच्या महिलांनी हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

आमच्या गटाचं काय झालं?

ताईंनी पेटीतून पहिल्या प्रदर्शनाची पावती काढली, पाकीट छापल्याचं जुनं बिल सापडलं, फोनमधले फोटो निघाले. ४,५०० रुपये गटाच्या बचतीतून भरले आणि वर्ग ३० मध्ये अर्ज गेला. पाकिटावर आता "टीएम" आहे. समोरच्याला नोटीस गेली. त्यानं पाकिटाचा रंग बदललाय, नाव अजून तेच आहे. म्हणजे प्रकरण मिटलेलं नाही. पण आता ताईंच्या पिशवीत कागद आहेत, आणि ठाण्यात कुणी "नावाचं कुठंय?" विचारलं तर दाखवायला अर्जाचा नंबर आहे.

चार वर्षांपूर्वीच हे केलं असतं तर फी तेवढीच पडली असती आणि मनस्ताप वाचला असता. तुमच्या गटाचं, तुमच्या गुऱ्हाळाचं, तुमच्या डेअरीचं नाव चाललं असेल तर पुढच्या छपाईची ऑर्डर देण्याआधी एकदा ते नाव शोधून बघा.